पिकियाक्ता इंकांचं नाही!

आज सकाळी परत तेच. पेरूतल्या कुझ्कोजवळच्या पिकियाक्ता या प्राचीन अवशेषांचं रील, आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत 'इंकांची धान्यकोठारं'. अहो, इंका साम्राज्य उभं राहिलं पंधराव्या शतकात. पिकियाक्ता बांधलं वारी नावाच्या, इंकांच्या आधीच्या पेरूतल्या लोकांनी, त्याच्या सात-आठशे वर्षं आधी!

भिंत नीट पाहिली तरी कळतं. इंकांच्या खास बांधकामात घडीव दगड चिखलाशिवाय एकमेकांत घट्ट बसतात. वारींची भिंत म्हणजे ओबडधोबड दगडांच्या दोन बाजू, मधे भर, सांध्यांत चिखल, वरून मातीचा गिलावा आणि त्यावर जिप्समचा पांढरा हात. गिलावा झडला की पावसाचं पाणी आत शिरतं, चिखल वाहून जातो, भिंत पोट काढते आणि एक दिवस बाहेरची बाजू खाली येते. मग लोक म्हणतात, यात काय विशेष!

विशेष? ७४५ बाय ६३० मीटरचा आयत, ७०० च्या आसपास बांधकामं, काही भिंती १२ मीटरपर्यंत उंच. जमिनीचा उतार कसाही असो, आखणी सरळच. मधे अंगण आणि चारी बाजूंनी अरुंद, लांबट दालनं, आपल्या चौसोपी वाड्यासारखी. राहिली 'कोठारं'. एका भागात ५०१ छोट्या खोल्या आहेत, त्यांना फार काळ कोठारंच समजत. पुरातत्त्वज्ञ गॉर्डन मॅकइवान यांनी खोदलं तर काही खोल्यांत चुली आणि खरकटं निघालं. तिथे माणसं राहत होती!

वारी म्हटलं की मला त्यांची सेरो बाउलची वस्ती आठवते. दक्षिण पेरूच्या मोकेग्वा खोऱ्यातला सपाट माथ्याचा डोंगर, खोऱ्यापासून सुमारे ६०० मीटर उंच. वर पाण्याचा थेंब नाही, आणि तिथेच त्यांनी मद्याची भट्टी घातली, एका खेपेला सुमारे १,८०० लिटर चिचा, म्हणजे तिथली आंबवलेली दारू, निघेल एवढी. पाणी, सरपण, सगळं खालून पाठीवर.

मान्य, इंकांचं काम थोर आहे. वारींचं 'साम्राज्य' कितपत सलग होतं यावर अभ्यासक भांडतात, तेही मान्य. पण इंकांच्या नावावर सांगितले जाणारे गाठींच्या दोऱ्यांवरचे हिशेब वारींकडे आधीच होते. श्रेय मात्र सगळं एकाच्या खात्यात.

या लोकांच्या राजधानीचं नावही वारीच, पेरूतल्या आयाकुचो शहराजवळ. मधलं बांधकामच अडीच चौरस किलोमीटरच्या घरात, त्यातून आज डांबरी रस्ता जातो आणि भिंतींवर निवडुंग माजलाय. १९८० च्या दशकातल्या हिंसाचारात तिथलं उत्खनन थांबलं. तिथल्याच कोन्चोपाता या वारी वस्तीचं ऐकून तर छाती फाटते: देवाचे चेहरे रंगवलेले प्रचंड रांजण जिथे मुद्दाम फोडून पुरले, त्याच वस्तीवरून विमानतळाची धावपट्टी गेली.

सेरो बाउलची ती भट्टी मात्र डोक्यातून जात नाही. चिचा मोये झाडाच्या मिरीएवढ्या लाल फळांची. गोडी बीभोवतीच्या पातळ गरात असते. स्पॅनिश काळातल्या नोंदी सांगतात तसं गरम पाण्यात फळं हलक्या हाताने चोळायची, गोडवा उतरला की थांबायचं. जास्त चोळलं तर कडवटपणा उतरतो. गाळून तीन-चार दिवस ठेवायचं. भट्टीत शाली अडकवायच्या धातूच्या टाचण्या सापडल्या, म्हणजे हे काम मानाच्या घरातल्या बायकांचं असावं.

आणि सुमारे हजार वर्षांपूर्वी तिथून निघताना त्यांनी शेवटची चिचा प्यायली, भट्टीला आग लावली, प्याले आगीत फेकले आणि राखेवर माळा ठेवल्या. जाण्याआधी एवढा निरोप देणाऱ्या लोकांचं नावही आपण घेऊ नये?

कुझ्कोला जाणार असाल तर पुनो शहराकडे जाणाऱ्या रस्त्याला पिकियाक्ता लागतं, शहराच्या पर्यटक तिकिटात ते येतं. भिंतींच्या तळाशी उरलेलं पांढरं जिप्सम शोधा. आतल्या आडव्या भिंतीचे सांधे पाहा, ते गुंफलेले नसतात, नुसते टेकवलेले असतात, कारण लांब भिंती आधी उभ्या राहिल्या. मग शेजारच्या रुमिकोल्का या जुन्या दगडी वेशीला जा. तिथे मूळ बांधकाम वारींचं, आणि वर चढवलेले घडीव दगड इंकांचे.