‘क्यूआय’ हा बनावट शब्द नाही

स्क्रॅबल हा अक्षरांच्या टाइल्स पटावर जुळवून इंग्रजी शब्द लावण्याचा खेळ. तो खेळणाऱ्यांमध्ये एक दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे. क्यू आणि आय या दोन अक्षरांचा शब्द हा म्हणे शब्दच नव्हे. क्यू हातात अडकून पडू नये म्हणून खेळवाल्यांनी तो घुसडला. इंग्रजीत क्यूनंतर यू हवाच. आणि अर्थ विचारलाच तर ‘ताय-ची’ या चिनी व्यायामप्रकाराच्या नावातला ‘ची’ तो हाच, म्हणजे विश्वातली गूढ ऊर्जा. यातलं एकही विधान टिकत नाही. शेवटची दोन तर एका जुन्या, खऱ्या शब्दावर अन्याय करतात, म्हणून हे लिहितो आहे.

‘खेळवाल्यांनी घुसडला.’ हा संशय कुठून येतो ते कळतं. खेळाचा जनक आल्फ्रेड बट्सने वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून टाइल्स ठरवल्या. शंभर टाइल्समध्ये क्यू एकच, तिला 10 गुण. यू फक्त चार. ते चारही संपले की क्यू घेऊन बसलेल्याचे हाल. अशा वेळी क्यू अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरात ठेवायची, आधीच पटावर असलेला आय एका दिशेला आणि आपला आय दुसऱ्या दिशेला : शब्द आडवाही लागतो, उभाही लागतो. 31 अधिक 31, एका फटक्यात 62 गुण. एवढी सोय बघितली की कुणालाही वाटेल, हे मुद्दाम केलं आहे.

पण स्पर्धांच्या यादीत शब्द येतात ते सर्वसाधारण शब्दकोशांतून. उत्तर अमेरिकेत हा शब्द 2006 मध्ये यादीत आला. उशीर झाला तो शब्द नवा होता म्हणून नाही, स्पेलिंग नवं होतं म्हणून. इंग्रजी लेखनात हा चिनी शब्द 19व्या शतकापासून आहे, फक्त तेव्हा तो सी-एच-आय असा लिहीत. चीनने 1958 मध्ये पिनयिन ही रोमन लेखनपद्धत स्वीकारली. अर्थतज्ज्ञ असलेले झोउ योउग्वांग (1906–2017) यांचा तिच्यात मोठा वाटा होता. तिच्यात हाच उच्चार क्यू-आय असा लिहिला जातो. ते स्पेलिंग इंग्रजी पुस्तकांत रुळायला, मग कोशांत शिरायला काही दशकं गेली. खेळ त्या कोशांच्या मागून आला. एकदा रुळल्यावर इंग्रजीने त्याला अनेकवचनाचा एसही लावला, चिनीत तसा प्रत्यय नसताना. आपण ‘टेबल’ घेतलं आणि ‘टेबलावर’ म्हणू लागलो, तसंच हे. परका शब्द घरचा झाल्याची याहून चांगली खूण नाही.

‘क्यूनंतर यू हवाच.’ ही लॅटिन आणि फ्रेंचची सवय आहे. जुन्या इंग्रजीत ‘क्वीन’सुद्धा सी-डब्ल्यूने लिहीत, क्यू-यूची जोडी 1066 नंतर नॉर्मन लेखनिकांबरोबर स्थिरावली. फकीर, बुरखा, कनात (जमिनीखालचा पाण्याचा बोगदा) यांची यू नसलेली स्पेलिंगं याच खेळात बिनतक्रार चालतात.

आता ‘ताय-ची’. इथे मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा जास्त ऐकू येतं. चिनीत आपल्यासारखा अल्पप्राण-महाप्राण भेद आहे. पिनयिनमधला क्यू हा ‘चार’मधल्या चचा महाप्राण भाऊ, म्हणजे जवळपास छ. आपला शब्द ‘छी’ असा, स्वर (म्हणजे आवाजाची पट्टी) वरून खाली टाकत म्हणायचा. ‘ताय-ची’मधलं दुसरं अक्षर मात्र ‘ची’ आहे, अल्पप्राण, आणि त्याचा स्वर चढता. दोन वेगळी व्यंजनं, दोन वेगळे स्वर, दोन वेगळी चिन्हं.

मग घोळ कसा झाला? चिनी शब्द रोमन लिपीत लिहिण्याच्या 19व्या शतकातल्या वेड-जाइल्स पद्धतीत दोन्हींना सी-एच-आयच लिहीत, फक्त ‘छी’मध्ये एचनंतर वर एक लहानसं स्वल्पविरामासारखं चिन्ह असे. ते महाप्राणाचं चिन्ह. छापखान्यांना आणि लेखकांना ते निरुपयोगी वाटलं, गळून गेलं, आणि दोन शब्द एकसारखे दिसू लागले. आपण छ सोडून सगळीकडे च लिहू लागलो तर ‘छान’ आणि ‘चान’ यांचं जे होईल, तेच. व्यायामप्रकारांच्या नावांतच ताळा करायचा असेल तर ‘छी’ सापडतो तो छी-कुंगमध्ये, ताय-चीमध्ये नाही.

इ.स. 100 च्या सुमाराचा ‘शुओवेन’ हा चिनी चिन्हकोश दोन्हींचे अर्थ देतो. ‘ची’ म्हणजे घराचं आढं, छपराचा सगळ्यात वरचा वासा. त्यावरून टोक, पराकाष्ठा. ‘ताय-ची’ म्हणजे परम टोक. आणि ‘छी’? ढगाची वाफ. आढं आणि वाफ एक कसे असतील?

‘गूढ ऊर्जा’ या अर्थाचंही तसंच. चिनी वैद्यकात आणि तत्त्वज्ञानात ‘छी’ला मोठं स्थान आहे, ते कुणी नाकारत नाही. पण तेवढाच अर्थ सांगणं म्हणजे मराठी ‘जीव’ हा शब्द फक्त अध्यात्माचा आहे असं म्हणणं. जीव लावणं, जीव खाणं, जीवावर येणं हे सगळं मग कुठे ठेवायचं? रोजच्या चिनीत हवामान म्हणजे ‘आकाशाची छी’. हवा म्हणजे ‘रित्या जागेची छी’. आणि कुणाला राग आला तर त्याची ‘छी उत्पन्न झाली’. शाळकरी पोरसुद्धा दिवसातून दहा वेळा हा शब्द वापरतं, ऊर्जेचा विचार न करता.

याचं पारंपरिक चिन्ह एकदा नीट बघा. वर वाऱ्यासारख्या आडव्या रेघा, त्यांच्या कुशीत खाली तांदळाचं चिन्ह. तांदूळ जोडलेल्या चिन्हाचा मूळ अर्थ पाहुण्याला शिधा देणं असा होता, वाफेचा अर्थ त्याने पुढे आपल्याकडे ओढून घेतला. सोप्या केलेल्या लिपीत तांदूळ काढून टाकला आहे, उरल्या आहेत फक्त रेघा. पटावर आपण दोन टाइल्स ठेवतो, त्यांच्यामागे एवढं उभं आहे.