भाकरी मागाहून येते का?

महागड्या रेस्टॉरंटात जेवायला निघण्यापूर्वी घरी वरणभात खाऊन घ्या. लग्नाला नेताना लहान मुलांना भरवून नेतात ना, तसं.

लोअर परळला गिरणीच्या जुन्या आवारात शिरलात की उघड्या विटा आणि छताच्या लोखंडी कैच्या पाहून 'काय अॅम्बियन्स आहे!' असं म्हणायचं असतं. १९८२ च्या संपाआधी इथल्याच कामगारांना आसपासच्या खानावळींत महिन्याच्या बोलीवर जेवण मिळायचं, ही माहिती मात्र टेबलावर काढू नका. ती मेन्यूत छापलेली असते. 'गिरणगाव' नावाच्या कोर्सखाली, जीएसटी वेगळा.

'आज मी तुम्हाला एका जर्नीवर नेणार आहे,' असं वाढणारा मुलगा म्हणेल. आपण बोरिवलीहून दीड तासाची जर्नी करूनच आलोय, हे त्याला सांगू नये. 'स्टिल की स्पार्कलिंग?' याचं उत्तर 'साधं'. ठणकावून द्या. आवाजात जराशी लाज आली की बाटलीचं बूच उघडलंच समजा.

मग काळ्या गोट्यांनी भरलेलं परातीएवढं ताट येईल. गोटे खायचे नसतात. त्यांच्यात अडकलेली कोथिंबीर वडी तेवढी आपली. फोटो आधी काढा; नंतर काढायला काही उरत नाही.

वडिलांना शक्यतो नेऊ नका. मी नेलं. आमच्या आजीची डिलाईल रोडला खानावळ होती, म्हटलं बाबांना बरं वाटेल. पिठल्याचा फेस आला. पिठलं गाळून सायफनमध्ये, म्हणजे फेस काढायच्या बाटलीत, भरायचं, नायट्रस ऑक्साइडचं काडतूस लावायचं, की भुस्सकन वाटीत. वर ठेच्याचे तीन थेंब आणि चिमट्याने ठेवलेलं एक पान. हा पदार्थ म्हणजे शेफच्या आजीच्या चुलीची आठवण आहे, असं कळलं. बाबांनी चमचा घातला, बाहेर काढला, वाटी संपली.

"भाकरी मागाहून येते का?"

"आलीये ना सर. ती खाली भुरभुरलेली माती दिसतेय, ती."

बाबांनी चष्मा लावला आणि बोटाने माती टिपून खाल्ली. "ज्वारी आहे," म्हणाले. ज्वारी होती, हे मलाही कबूल करावं लागेल.

सात कोर्स झाल्यावर बिल येतं. त्यात सर्व्हिस चार्ज असला, तर तो ऐच्छिक असतो. ग्राहकावर तो लादता येणार नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्येच स्पष्ट केलंय. तो काढा म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. शेजारच्या टेबलावरचे बघत असताना तो बजावून दाखवा, एवढंच.

आमचं बिल लाल कापडी बांधणीच्या वहीत घालून आलं. जुन्या खानावळीच्या हिशेबाची वही म्हणे, थीमला धरून. बाबांनी पहिल्यांदाच मान डोलावली. खिशातलं पेन काढलं, वहीत आपलं नाव लिहिलं, पुढे 'महिनाअखेर' असं लिहून वही मिटली आणि चपला शोधायला लागले.