फुकटच्या पैशाची मुंबई

आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसात सातजणांनी कॉन्ट्री काढून राज्य लॉटरीचं दिवाळी बंपर घेतलं आणि त्याला चक्क एक लाख लागले. हे सरकारी खातं १९६९ पासून लोकांची नशिबं काढतंय, आमच्या नशिबात मुंबईचा एक वीकेंड निघाला.

म्हणजे झालं असं, की लाखातले तीस टक्के टीडीएसला गेले, तुमचा पगार किती का असेना लॉटरीला सूटबिट काही नाही. उरले सत्तर हजार, डोक्याला दहा. घरी नेले असते तर सिलिंडर आणि ट्युशनमध्ये कधी विरले कळलं नसतं, म्हणून ठरलं, उडवायचे! पण तिकिटामागं सही अण्णांची, पॅन अण्णांचं, पैसे आले अण्णांच्या खात्यात, त्यामुळं अण्णा आपोआप मालक झाले, आणि अण्णा म्हणजे दोन रुपये सुट्टे परत घेतल्याशिवाय रिक्षातनं न उतरणारा माणूस. अशा माणसाच्या हातनं पैसे उडवून घ्यायचे होते.

महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलो (स्लीपरनं, "झोपल्यावर एसी काय नि फॅन काय"). हॉटेलवाला म्हणाला चेक-इन दुपारी, अर्ली पाहिजे तर एक्स्ट्रा. एक्स्ट्रा म्हटल्यावर अण्णांनी असं तोंड केलं की आम्हीच बॅगा उचलल्या आणि फिरायला निघालो. अण्णांना डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर खिडकीतनं वारं खायचं होतं, लहानपणापासनंची इच्छा. पण त्या जुन्या गाड्या सप्टेंबर २०२३ मध्येच गेल्या, आता एसीवाल्या, खिडकी बंद. वारं नाही म्हणून कंडक्टरशी काय भांडायचं, पण भांडले.

नाष्ट्याला मिसळ. कोल्हापूरकरानं मुंबईत मिसळ मागवूच नये हे माझं मत, पण आमचा पाटील ऐकतोय होय, आणि आल्यावर "ह्यात कट कुठाय? ही तर उसळ हाय" म्हणून वेटरला शिकवायला लागला.

संध्याकाळी समुद्रासमोरच्या एका पंचतारांकित हॉटेलात शिरलो, कारण जिंकल्यासारखं काहीतरी करायला पाहिजे की. मेनू अण्णांनी उजव्या बाजूनं वाचला. खाली '+ टॅक्स' बघून म्हणाले, "टीडीएस दिलाय की आपण आधीच!" शेवटी दोन कॉफ्या आणि पाच रिकामे कप मागवले. कप आले, तेही चांदीच्या ट्रेमधनं, त्या पोराची मला अजून लाज वाटते.

रविवारी दादरला साबुदाणा वडा खायचा बेत होता, तर मेगाब्लॉक! टॅक्सीची दोन भाडी पडली, आणि वड्यापेक्षा टॅक्सी महाग पडल्यानं अण्णा प्रत्येक घासाला हिशेब सांगत होते. एवढं सगळं करूनही पैसे उरलेच, ते परत डोक्यानुसार वाटले.

परतीच्या गाडीत अण्णांच्या सीए भाच्याचा मेसेज आला, की टीडीएस कापला तरी त्या टॅक्सवर चार टक्के सेस रिटर्न भरताना द्यावा लागेल. बाराशे रुपये. भागिले सात, एकशे एकाहत्तर रुपये त्रेचाळीस पैसे. अण्णा म्हणाले राउंड फिगर एकशे बाहत्तर द्या. त्यावर मागनं शिंदे उठला, "मग वरचे चार रुपये कुणाचे?" लोणावळा गेलं तरी त्या चार रुपयांचा निकाल लागेना.