‘बहाल’ या एका शब्दाबद्दल

काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यातल्या १९१६ च्या लखनौ करारावर मी लेख लिहिला होता, त्यावरची आपली प्रतिक्रिया वाचली. ‘लेखकाने आधी शाळेचं पुस्तक तरी उघडावं’ हे वाक्य गाळलं असतंत तरी मुद्दा पोचला असता. असो. एक चूक कबूल : मुस्लिम लीगची स्थापना १९०६ ची, ढाक्क्याची. मी १९०७ लिहिलं होतं, दुरुस्त केलंय.

आता आपलं लाडकं वाक्य : ‘१९१६ साली लखनौत टिळकांनी मुसलमानांना वेगळे मतदारसंघ बहाल केले.’ बहाल? ते इंग्रज सरकारच्या १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी आधीच दिलेले होते. मतदारयादी वेगळी, उमेदवार मुसलमान, मत देणारेही मुसलमानच. निवडून यायला हिंदू मोहल्ल्यात पाऊल टाकायची गरजच नाही. खरं दुखणं ते, आणि ते लखनौच्या सात वर्षं आधीचं. शिवाय १९०९ च्या व्यवस्थेत मुसलमान मतदाराला सर्वसाधारण मतदारसंघातही मत देता येई. हे दुहेरी मत सोडायला लीग लखनौत तयार झाली. ते कलम आपल्या नजरेतून बरं निसटलं!

घासाघीस झाली ती प्रांतांच्या कौन्सिलांतल्या (कायदेमंडळांतल्या) जागांच्या टक्क्यांवर. संयुक्त प्रांतात (साधारण आजचा उत्तर प्रदेश) मुसलमान १४ टक्क्यांच्या आसपास, त्यांना निवडून येणाऱ्या भारतीय सभासदांपैकी ३० टक्के जागा. मुंबई इलाख्यात वीसेक टक्क्यांना एक तृतीयांश. इथवरच वाचलं की ‘बहाल’ सुचतं. पुढे बंगाल बघा : मुसलमान निम्म्याहून जास्त, जागा ४० टक्के. पंजाबातही निम्म्याहून जास्त, जागा ५०. म्हणजे संयुक्त प्रांतातल्या मुसलमानांच्या पदरात जे पडलं, त्याचा भुर्दंड बंगालच्या मुसलमानांना. संख्येने जास्त आणि कौन्सिलात कमी, ही खदखद तिथे पुढे राहिलीच. करारावर टीका करायचीच तर इथे करा, मीही सोबत येतो. वीस वर्षं हे आकडे फळ्यावर लिहितोय, मला काही टिळकांची वकिली करायची नाही.

ती वकिली कराराच्याच वर्षी जिनांनी केली होती, राजद्रोहाच्या प्रकरणात, मुंबई हायकोर्टात. आणि डिसेंबरात तेच लखनौत लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्ष. आपल्या ‘जिना पहिल्यापासूनच तसे’ या ओळीत हे कुठे बसवायचं, ते आपणच ठरवा.

खिलाफत, गांधी, फाळणी हे सगळं आपण एका दमात ओतलंय. त्याला इथे उत्तर देत बसणार नाही.

राहिला काँग्रेसनेते मदनमोहन मालवीयांचा कराराला विरोध, जो मी म्हणे ‘लपवला’. मूळ लेख, तिसरा परिच्छेद, पहिलीच ओळ.