‘एक पालक’ यांना उत्तर: हेल, काहिल आणि साडेपाच बँड

नमस्कार. तुम्ही नावाच्या जागी ‘एक पालक’ एवढंच लिहिलंय, तेव्हा मीही तसंच म्हणतो. तुमची तक्रार अशी, की आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, तिच्या स्पीकिंगमध्ये म्हणजे बोलण्याच्या भागात, कोल्हापुरी हेल ऐकला की परीक्षक गुण कापतात. घरी फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या तुमच्या मुलाला ५.५ बँड, म्हणजे ९ पैकी साडेपाच गुण मिळाले, आणि मी मात्र आधीच्या लेखात ‘हेलाचं काही नसतं’ असं लिहून मोकळा झालो.

राग समजतो, फीचा आकडा बघता जास्तच. पण हेलाला खरंच गुण नसतात. ११ ते १४ मिनिटांच्या मुलाखतीत चार गोष्टी जोखतात: ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार. चारींना सारखंच वजन. उच्चारात बघतात ते समोरच्याला विनासायास कळतंय का. आपण ‘डेव्हलप’ म्हणताना पहिल्याच अक्षरावर जोर देतो, इंग्रजीत तो दुसऱ्यावर असतो. असे जोर चुकत गेले की ऐकणारा अडखळतो. हे सरावानं सुधारतं. त्यासाठी गोऱ्यासारखं तोंड वाकडं करावं लागत नाही.

मी थांबलो ते तुमच्या ‘फाडफाड’पाशी. कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्याकडे सरावाला एक मुलगा यायचा. मुलाखतीच्या दुसऱ्या भागात विषयाचं कार्ड देतात, तयारीला एक मिनिट, मग एक-दोन मिनिटं बोलायचं. विषय होता आवडती जागा. पोरगं श्वास न घेता पॅरिसच्या संग्रहालयावर बोललं. क्लासमध्ये पाठ करून घेतलेलं, दुसरं काय! मी विचारलं, तिथलं नेमकं काय आवडलं? गप्प. पंख्याचा आवाज तेवढा.

म्हटलं, ते सोड, मामाच्या गुऱ्हाळाबद्दल सांग. आता काहिलीला, म्हणजे उसाचा रस उकळायच्या कढईला, इंग्रजी शब्द आठवेना. दोन्ही हात पसरून म्हणाला, “व्हेरी बिग पॅन, बिगर दॅन धिस टेबल, फोर मेन लिफ्ट इट.” व्याकरण लंगडं, पण अडलेला शब्द वळसा घालून पोचवला. शब्दसंपदेच्या निकषांत या वळशाचा स्पष्ट उल्लेख आहे. पाठांतर मात्र परीक्षकाच्या लगेच ध्यानात येतं, आणि तिसऱ्या भागात ‘का?’, ‘कसं?’ सुरू झालं की उघडं पडतं.

एका बाबतीत तुमचं बरोबर. मी सगळ्या परीक्षा एकाच दावणीला बांधल्या होत्या. पीटीई या दुसऱ्या इंग्रजी परीक्षेत समोर माणूस नसतो, संगणकाशी बोलायचं. तिथं ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणायचा प्रकार आहे. त्यात वळशाला किंमत शून्य. मूळ लेखात हे आज घातलंय.

निकाल खटकतच असेल तर सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते. मुलाखत रेकॉर्ड झालेली असते, ती दुसरा परीक्षक ऐकतो; गुण वाढले तर त्याची फी परत मिळते. पण अर्ज भरण्याआधी एक करा. मुलाला तालमीच्या फुटबॉल मॅचबद्दल तयारीविना दोन मिनिटं इंग्रजीत बोलायला लावा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. पाठवलंत तर मीही ऐकेन.