सही करा, पण आधी वजाबाकी करा

इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींसाठी लिहितोय. रिडंडन्सीची, म्हणजे जागाच रद्द झाल्याने नोकरी जाण्याची बातमी आली, एचआरने सेटलमेंट अ‍ॅग्रीमेंट (पैसे घ्या आणि दावा सोडा, असा करार) पुढे सरकवलं, की आपल्यातले बरेच जण म्हणतात, "जाऊ दे, वाद कशाला? देतायत ते घेऊन मोकळं व्हावं." मला हे समजतं, पण पटत नाही.

या करारात कंपनी तुमच्याकडून काहीतरी विकत घेत असते: ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे नोकरीचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, दावा लावायचा हक्क. मग तो कितीला जातोय ते बघायला नको? समजा, सहा वर्षं नोकरी झालीय आणि कागदावर 20,000 पौंडांचा आकडा आहे. त्यातले 5,000 नोटीसचे, 1,500 शिल्लक रजेचे, 4,300 कायद्याने द्यावीच लागणारी रिडंडन्सीची भरपाई. हे 10,800 तुम्ही सही केली नाही तरी तुमचेच. म्हणजे सहीची किंमत 9,200. बोलणी करायची ती या आकड्यावर. एचआर मात्र सगळी बेरीज एकत्र दाखवून "चांगलं पॅकेज आहे" म्हणणार. त्यांचं कामच आहे ते.

सॉलिसिटरची (वकिलाची) भेट म्हणजे नुसता शिक्का, हा दुसरा गैरसमज. 1996 च्या एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्टप्रमाणे स्वतंत्र सल्लागाराचा सल्ला घेतल्याशिवाय कायद्याने दिलेले दाव्याचे हक्क असे सोडताच येत नाहीत. थोडक्यात, तुमचा वकील कंपनीलाही हवा असतो, म्हणून ती सहसा त्याच्या फीचा काही भाग उचलते. कंपनीने नावं सुचवली तरी वकील तुमच्या पसंतीचा घ्या. आणि पहिल्याच फोनवर विचारा: ही रक्कम फक्त कागद समजावून सही करण्यापुरती, की बोलणीही त्यात आली? बहुतेकदा बोलणीचे पैसे वेगळे पडतात. शुक्रवारी कागद देऊन सोमवारी सही मागितली तर गडबडू नका. विचार करायला किमान 10 दिवस द्यावेत असं अ‍ॅकासची (नोकरीतल्या वादांवर मार्गदर्शन करणारी सार्वजनिक संस्था) संहिता सांगते, आणि त्यात शनिवार-रविवारही मोजतात.

स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर पैशांआधी नोकरीची शेवटची तारीख बघा. नोकरी संपली की कंपनी होम ऑफिसला कळवते, मग पत्र येतं आणि साधारण 60 दिवसांत नवा स्पॉन्सर (व्हिसासाठी तुम्हाला पुरस्कृत करणारी कंपनी) शोधायचा किंवा गाशा गुंडाळायचा. नोटीसचे पैसे एकरकमी घेतले तर नोकरी आजच संपते. तोच नोटीसचा काळ गार्डन लीव्हवर (काम न करता, पण पगारावर) काढला तर तुम्ही घरी बसूनही कर्मचारीच राहता, आणि हे चक्र तेवढं उशिरा सुरू होतं. मुलांची शाळा, घराचा भाडेकरार हे सगळं डोक्यावर असताना असे मिळणारे दोन-तीन महिने मला हजार-दोन हजार पौंडांपेक्षा मोलाचे वाटतात. मागून बघायला काय जातं?

टॅक्सचं थोडक्यात: भरपाईचे पहिले 30,000 पौंड सहसा करमुक्त, पण नोटीस आणि रजेच्या पैशांवर नेहमीसारखा कर. रेफरन्सचा (पुढच्या कंपनीला तुमच्याबद्दल द्यायच्या पत्राचा) मजकूर करारालाच जोडून घ्या. प्रतिस्पर्धी कंपनीत जायला बंदी घालणारं कलम असेल तर ते सैल करून मागा. ज्याला स्वतः काढून टाकताय त्याला बांधून कशाला ठेवता, हा साधा प्रश्न आहे.

आणि बोलणी लांबली म्हणून ट्रायब्युनलमध्ये दावा लावायची मुदत आपोआप थांबत नाही. ती तारीख पहिल्याच भेटीत सॉलिसिटरकडून लिहून घ्या.