‘गणपतीला रजा मिळते, मग डॉक्टरला का नाही?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि सकाळी बसमध्ये पुन्हा वाचली. दोन ओळी लिहून मोकळं होता आलं असतं. पण तुम्ही जे लिहिलंय ते इथले बरेच जण मनात म्हणतात, माझ्या घरातही म्हटलं गेलं. म्हणून सविस्तर लिहिते.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी कुडाळात एका हार्डवेअरच्या दुकानात बिलं आणि स्टॉक सांभाळते. एप्रिलमध्ये चक्कर यायला लागली, माळ्यावर चार पायऱ्या चढले की दम लागायचा, आणि डॉक्टरांपुढे जाऊन बसले ती जूनच्या शेवटी. मध्ये अकरा आठवडे गेले. हिमोग्लोबिन निघालं ६.९. बाईचं १२ तरी असायला हवं, ८ च्या खाली गेलं की तो तीव्र रक्तक्षय. लेखात मी म्हटलं होतं की पूर्ण वेळ नोकरी करणाऱ्याला इथे डॉक्टर गाठणं हेच एक वेगळं काम होऊन बसतं.

त्यावर तुम्ही लिहिलंत : ‘मी ३२ वर्षं मुंबईत बँकेत नोकरी केली, कधी असलं कारण दिलं नाही. डॉक्टर संध्याकाळी आठपर्यंत बसतात. आता तर मोबाइलवरही डॉक्टर मिळतो. गणपतीला पाच दिवस रजा मिळते, जत्रेला मिळते, मग तब्येतीलाच का मिळत नाही? आळसाला नोकरीचं नाव देऊ नका.’

डॉक्टर आठपर्यंत बसतात, खरं आहे. आमचं दुकान साडेसातला बंद होतं आणि आमच्या गावाची वस्तीची गाडी स्टँडवरून पावणेआठला सुटते. ती चुकली की रिक्षा. साडेतीनशे रुपये, आणि रात्री परतीचं भाडं मिळत नाही म्हणून रिक्षावाला तेवढ्यालाही खुशीने येत नाही. मुंबईत तुमची लोकल चुकली तर पाच मिनिटांनी दुसरी यायची. मी एकदा साडेसातला धावत दवाखान्यात गेले होते, मे महिन्यात. माझ्यापुढे चौदा नंबर होते. दहा मिनिटं बाकावर बसले, घड्याळ बघितलं आणि उठून गाडी पकडली. ती फेरी मी कुणाला सांगितलीही नव्हती, लेखातही घातली नव्हती.

पण बसचं एक वेळ सोडून देऊ. तुमच्या प्रतिक्रियेत आणि घरातल्यांच्या बोलण्यातही एक गोष्ट गृहीत धरलेली असते : डॉक्टरकडे जायचं म्हणजे एकदा जायचं. तसं नसतं, दादा. माझ्या खेपा मोजून सांगते. पहिली खेप डॉक्टरांना दाखवायला. त्यासाठी चारला सुटले, अर्धा दिवस कापला. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, साखर उपाशीपोटी आणि मग जेवल्यावर दोन तासांनी. लॅबवाला साडेआठपासून रक्त घेतो, आमची सकाळची गाडी पोचते आठ पस्तीसला आणि दुकान उघडतं नऊला. उपाशीपोटीचं रक्त कसंबसं दिलं, दोन तासांनंतरचं द्यायला पुन्हा दुकानातून निघावं लागलं. ती दुसरी खेप. सोनोग्राफीला आठ दिवसांनंतरचा नंबर मिळाला, ती तिसरी. रिपोर्ट घेऊन ज्या बाईंना दाखवायचं त्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाहेरून येतात, फक्त शनिवारी, ती चौथी. गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ निघाली, रक्त त्यामुळे जात होतं. रक्त एवढं कमी की गोळ्यांवर भागणार नव्हतं, म्हणून सलाइनमधून लोहाची इंजेक्शनं, एक दिवसाआड. त्या खेपा मी मोजल्या नाहीत.

माझा पगार १२,००० आहे. एक दिवस म्हणजे ४००, अर्धा दिवस म्हणजे २००. डॉक्टरांची फी, लॅब आणि सोनोग्राफी यांचा हिशोब घरात सगळ्यांना कळला, कारण त्यांच्या पावत्या होत्या. कापलेल्या पगाराची पावती कुणी देत नाही.

सोनोग्राफीच्या दिवसाबद्दल लिहायला हवं. पोट भरून पाणी प्या, लघवीला जाऊ नका, असं सांगितलं होतं. साडेनऊची वेळ होती. मी घरून निघतानाच बाटली संपवली, तिथे पोचल्यावर अजून एक. मग कळलं की डॉक्टर अजून यायचेत. साडेदहा, अकरा, सव्वाअकरा. बाकावर आम्ही पाच बायका, सगळ्यांच्या हातात बाटल्या, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एकीला थांबवेना, ती बाथरूमला जाऊन आली आणि पुन्हा पाणी प्यायला बसली, म्हणजे तिचं अजून तासाभराने. मी एकीकडे पोट धरून बसलेली आणि दुसरीकडे दुकानातून फोनवर फोन : पत्र्याच्या स्क्रूचा डबा कुठल्या फळीवर, काल आलेल्या ताडपत्र्यांचं चलन कुठे. पाऊस सुरू झालेला, ज्याचं छप्पर गळतंय तो दारात उभा. अर्ध्या दिवसाची परवानगी घेतली होती. पोचले दुपारी दोनला.

आता गणपती. तुमचा हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला, कारण वरवर तो बिनतोड वाटतो. गणपतीचे दिवस मला रजा म्हणून मिळत नाहीत. शेठच्या घरीही गणपती असतो, म्हणून दुकानच बंद असतं. त्या दिवसांत डॉक्टरांच्या घरीही गणपती असतो, लॅबवाल्याच्या घरीही असतो. तुम्ही दरवर्षी येता, तेव्हा बाजारपेठेतल्या दवाखान्यांवर ‘अमुक तारखेपर्यंत बंद’च्या पाट्या तुम्ही बघितल्या असतील. जत्रेचंही तेच. आमच्या सुट्ट्या आणि डॉक्टरांच्या सुट्ट्या एकाच दिवशी येतात. रविवारही त्यातच आला.

बँकेत आजारपणाची रजा वेगळी असते, दाखला दिला की मिळते. ती तुम्ही कष्टाने मिळवलीत, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण ती होती म्हणून तुम्हाला ‘कारण’ द्यावं लागलं नाही. आमच्या दुकानात शेठ धरून सात माणसं. ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची योजना चांगली आहे : महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्याच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो, उपचार मिळतात आणि आजारी पडलं तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. पण एवढ्याशा दुकानाला ती लागू होत नाही. राज्याच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत, त्याही लहान दुकानांना नाहीत. आणि आपल्याकडे नोकऱ्या कुठल्या आहेत सांगा. चार माणसांचं मेडिकल, पाच माणसांचं हॉटेल, मोबाइलचं दुकान, किलोवर मजुरी देणारा काजूचा कारखाना. कायदा जिथून सुरू होतो त्याच्या खालच्या पायरीवर अर्धं कुडाळ कामाला आहे.

शेठ वाईट माणूस नाहीत, हेही लिहिते, कारण प्रतिक्रियांमध्ये दोघा-तिघांनी त्यांना शिव्या दिल्यात आणि ते मला आवडलं नाही. मे महिन्यात पावसाआधी सगळ्यांना पत्रे, सिमेंट, पाइप एकदमच हवे असतात. बिलाला मी एकटी. मी गेले की ते स्वतः काउंटरवर बसतात आणि सिमेंटच्या गाडीकडे बघायला कुणी उरत नाही.

आणि मी त्यांना सांगितलंच नव्हतं. इथे तुमचं थोडं बरोबर आहे, दादा, म्हणून हे कबूल करते. ‘बरं नाही’ म्हटलं की ‘काय होतंय?’ असं विचारतात, काळजीनेच विचारतात. समोर गिऱ्हाईक उभं, मागे हमाल, आणि मी काय सांगणार होते? पाळी दहा-बारा दिवस थांबत नाही, दर दोन तासांनी जावं लागतं आणि दुकानाचं बाथरूम मागच्या गोडाउनपलीकडे आहे? मी ‘पित्त झालंय’ म्हणायचे. पित्तासाठी कुणी कुणाला अर्धा दिवस सोडत नाही, सोडा घ्यायला सांगतात. अकरा आठवड्यांतले निदान चार तरी या न बोलण्यात गेले. त्याला आळस म्हणायचं असेल तर म्हणा. मी त्याला लाज म्हणते, आणि ती माझ्या एकटीची नाही. शनिवारच्या त्या डॉक्टरबाईंनी माझी खालची पापणी ओढून बघितली, ती पांढरी फटक होती, आणि एवढंच म्हणाल्या, ‘आधी कित्याक नाय इलंस गो?’ मला उत्तर देता आलं नाही. बाहेर बाकावर बसलेल्या निम्म्या बायकांनाही देता आलं नसतं.

माझं दुखणं तरी हळूहळू चाललेलं होतं. गेल्या वर्षीची गोष्ट सांगते, म्हणजे मी याच्यावर एवढी का भांडते ते कळेल. आमच्याकडे हमालीला एक पोरगा आहे, रोजावर. जुलैत लावणीच्या दिवसांत घरच्या मळ्यात दोन दिवस चिखलात उतरला होता. आठवड्याभराने बुधवारी ताप आला. मेडिकलमधून तापाची गोळी घेतली आणि कामावर आला. गुरुवारी पोटऱ्या दुखत होत्या, म्हणाला गोणी उचलून दुखतायत. शुक्रवारी डोळे लाल. रोज बुडवायचा नाही म्हणून रविवारची वाट बघितली आणि रविवारी डॉक्टर नव्हते. सोमवारी डोळे पिवळे झाले तेव्हा त्याला गाडीत घालून गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. लेप्टो होता, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्याचिखलातून होणारा ताप, किडन्यांपर्यंत गेलेला. डायलिसिसवर राहिला आणि वाचला. लेप्टोवरची डॉक्सीसायक्लिन ही काही महागडी गोळी नाही, शेतात उतरणाऱ्यांना आरोग्य खातं प्रतिबंधासाठीही देतं. पण ती पहिल्या दोन-तीन दिवसांत पोटात जायला हवी, आणि नेमके तेच दिवस तो गोण्या उचलत होता. सिंधुदुर्गात दर पावसाळ्यात हा आजार असतो, हे तुम्हाला माहीत आहे. त्या पोराला तुम्ही आळशी म्हणाल?

मोबाइलवरच्या डॉक्टरांबद्दल : ई-संजीवनी ही सरकारी सेवा मी वापरली आहे. २०२० पासून घरबसल्या फुकट सल्ला मिळतो, आईच्या खोकल्याला उपयोग झाला. नेहमीचं औषध चालू ठेवायचं की नाही एवढं विचारायला ती चांगलीच आहे. पण पापणी ओढून बघायला आणि पोट दाबून बघायला माणूस समोर लागतो.

मग हवं काय, असं तुम्ही शेवटी विचारलंत, ते योग्य विचारलंत. वेळ बदलायला हवी. १ मे २०२३ ला राज्यभर ‘आपला दवाखाना’ सुरू झाले तेव्हा त्यांची वेळ दुपारी २ ते रात्री १० ठरवली होती. ती वेळ ज्याने ठरवली त्याच्या डोळ्यासमोर काम करणारा माणूस होता, त्याला माझा नमस्कार. तीच वेळ आठवड्यातून निदान एक दिवस गावागावांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत का असू नये? एका केंद्राने सपाटीवर ३०,००० आणि डोंगराळ भागात २०,००० लोक बघायचे असा नियम आहे. त्यातले कामावर जाणारे सगळे सकाळच्या ओपीडीच्या वेळी कामावर असतात. आमच्या गावचं केंद्र घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे. ते उघडं असताना मी गावात असते ती फक्त आजारी पडून झोपलेली असले तरच. एक दिवस रात्री नऊपर्यंत डॉक्टर आणि रक्त घेणारा माणूस तिथे बसला, तर माझ्या पहिल्या दोन खेपांना दुकानातून निघावंच लागलं नसतं. खासगी लॅबवाल्यांनी सकाळी सातला दार उघडलं तरी पुष्कळ होईल. हे मी ग्रामसभेत मांडणार आहे. तुम्ही गावच्या मंडळात आहात, तुमचा शब्द माझ्यापेक्षा जास्त ऐकतात. गणपतीला याल तेव्हा सरपंचांकडे माझ्याबरोबर चला, ही मनापासून विनंती.

दुकानात एक गोष्ट झाली आहे. लेख शेठच्या सुनेने वाचला आणि त्यांना वाचून दाखवला. आता महिन्यातून एक गुरुवार ज्याला लागेल त्याने साडेतीनला निघायचं, पगार कापायचा नाही आणि कारण विचारायचं नाही, असं ठरलंय. पहिला गुरुवार त्या हमाल पोराने घेतला, किडनीच्या तपासणीसाठी. पुढचा माझा आहे. हिमोग्लोबिन १०.२ वर आलंय, गाठीचं काय करायचं ते बाई या वेळी सांगणार आहेत.